मासळी : शून्य

टॉर्किल मॅकॉले सव्वापाचला उठला, कारण गेली सव्वीस वर्षं तो सव्वापाचलाच उठत आला होता. पूर्वी या वेळेला अंगणातल्या बसचं इंजिन तापवावं लागे. आता बस नव्हती. ती उभी राहायची तिथे खडीवर तेलाचा एक काळपट चौकोन तेवढा उरला होता, आणि बाहेर पडताना टॉर्किल अजूनही त्याला वळसा घालून जाई.

त्याने कालची राख खाली पाडली, दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटची तीन ढेकळं उभी रचली आणि चूल पेटवली. ओटच्या पिठाची लापशी मीठ घालून शिजवली आणि ओट्यापाशी उभ्याउभ्याच संपवली. त्याची बायको पेगी वारल्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून तो टेबलाशी बसून जेवत नसे; समोरची खुर्ची दिसणार नाही अशी एकच जागा स्वयंपाकघरात होती, ती ओट्यापाशी. आज मात्र टेबलाशी बसणं भाग होतं. समुद्रापलीकडच्या इन्व्हरनेस शहरातून, त्याच्या दिवाळखोरीचा कारभार पाहणाऱ्या विश्वस्ताचं पत्र आलं होतं.

पत्र सभ्य भाषेत लिहिलेलं होतं. दोन नव्या बसेससाठी घेतलेलं कर्ज, शाळांचं कंत्राट हातचं जाणं, बँकेचा अर्ज आणि जानेवारीत कोर्टाने त्याला दिवाळखोर ठरवणं, हे सगळं त्यात चार ओळींत मावलं होतं. आता टॉर्किल दुसऱ्याची बस पगारावर चालवत असे. त्या पगारातून जगण्यापुरते पैसे त्याच्याकडे राहतील आणि उरलेले पुढची चार वर्षं दरमहा घेणेकऱ्यांकडे जातील. जगण्यापुरते म्हणजे किती, हे ठरवायला त्याच्या घरखर्चाचा तपशील हवा होता.

तो तपशील त्याने बसच्या फेऱ्यांच्या जुन्या वहीत लिहिला होता. जिथे पूर्वी मैल आणि डिझेल लिहायचं, तिथे आता पीठ, दूध, चहा, पाव, वीज, फोन, गाडीचा विमा असे आकडे होते. बटाटे, मटण, जळण आणि मासळी यांच्यापुढे त्याने शून्य घातलं होतं, कारण यातलं काहीच तो विकत घेत नसे. जागा चुकून रिकामी राहिली असं कुणाला वाटू नये म्हणून प्रत्येक शून्य नीट गोल काढलेलं होतं.

साडेसातला त्याने दार उघडलं. कडीला पावाची रिकामी पिशवी लटकत होती आणि तिच्यात साफ केलेले दोन हॅडक मासे होते. कुणी ठेवले हे पाहण्याची गरज नव्हती. दोन घरं पलीकडे म्हाताऱ्या मुर्डिनाचं घर होतं आणि तिच्या मुलाची बोट होती. पिशवी कडीला अडकवायची, दार वाजवायचं नाही. घेणाऱ्यानेही आभार मानायचे नाहीत. गावात असंच चाले. आणि दर गुरुवारी साडेनऊला मुर्डिना फाटकापाशी उभी राही, टॉर्किल तिला स्टॉर्नोवेच्या दवाखान्यात नेई, डोळ्यावरचे उपचार झाले की परत आणी. माशांचा आणि गुरुवारचा उल्लेख एका दमात कुणीच कधी केला नव्हता.

जानेवारीपासून तो तिला घेऊन गेला नव्हता. कामावर जाण्यासाठी लहानशी गाडी ठेवायची परवानगी त्याला मिळाली होती, पण तिच्यातलं पेट्रोल आपलं नाही, ते घेणेकऱ्यांचं आहे, असं त्याला वाटे. दुसऱ्याच्या पैशाने उपकार करायला त्याचं मन धजेना. म्हणून गुरुवारी शाळेची फेरी आटोपून आला की तो स्वयंपाकघराचा पडदा ओढून घेई आणि मुर्डिना काठी टेकत थांब्याकडे निघून जाईपर्यंत ओट्यापाशी उभा राही. हे सांगायला तिच्या दारी जावं, असं पहिल्या आठवड्यात त्याच्या मनात आलं होतं. दुसऱ्या आठवड्यात ते जड झालं. त्यानंतर तो कुणाच्याच दारी गेला नाही. मासे मात्र येतच राहिले.

शाळेची फेरी संपवून तो कर्जात अडकलेल्यांना मदत करणाऱ्या स्टॉर्नोवेच्या सल्ला केंद्रात पोहोचला तेव्हा साडेदहा वाजत होते. सल्लागार इशबेल लहानपणी सहा वर्षं त्याच्याच बसने शाळेत गेली होती. तिने वही उघडली, बोट फिरवत शेवटपर्यंत गेली, आणि परत वर आली.

"चारशे बारा पौंड. महिन्याचा सगळा खर्च?"

"सगळा."

"टॉर्किल, माझं मांजरही याहून महाग पडतं."

"मग मांजर बदल."

ती हसली, पण बोट शून्यांवरच होतं. "बटाटे नाहीत, मटण नाही, जळण नाही, मासळी नाही. इन्व्हरनेसच्या माणसाला वाटेल, तुम्ही वारा खाऊन जगता."

"मासळी काय विकत घेतात?"

"इन्व्हरनेसमध्ये घेतात. तिथला माणूस हा कागद वाचणार आहे." तिने खुर्ची पुढे ओढली. "नीट ऐका. पगार साडेबाराशे. तुम्ही म्हणता चारशे बारांत भागतं. म्हणजे आठशे अडतीस त्यांच्याकडे गेले, दर महिन्याला, चार वर्षं. उद्या बोट बंद पडली, तुमची कंबर धरली, पीट कापायला जमेना, मग काय जाळाल? ही वही?"

"वही ओली आहे. पेटायची नाही."

"थट्टा नको. जेवणखाणाच्या रकान्याला एक मर्यादा असते. तिच्या आतला आकडा कुणी तपासत नाही. मी मासळी नि मटणाचे साठ पौंड घालते. सगळे घालतात."

"जे खर्च केले नाहीत, ते लिहू?"

इशबेलने पेन खाली ठेवलं. "आठवतं, मी तुमच्या सीटला च्युइंगम चिकटवलं होतं? तुम्ही माझ्या हातात चाकू दिलात आणि शाळा सुटल्यावर ते खरवडून घेतलंत. म्हणालात, फुकट काही होत नसतं, पोरी."

"मग? स्वच्छ झाली ना सीट."

"झाली. आता तुम्ही सांगा. त्या मासळीचं तुम्ही काय भरता?"

खिडकीबाहेर बंदरात एक बोट रिकामी होत होती आणि समुद्रपक्षी तिच्यावर गर्दी करून भांडत होते. टॉर्किलने तिकडे पाहिलं. मग, जणू हे दुसऱ्या कुणाबद्दल असावं अशा आवाजात, त्याने गुरुवारची गोष्ट सांगितली.

"आणि आता?"

"आता ती बसने जाते. येते तेव्हा डोळ्यावर पट्टी असते. थांब्यापासून घरापर्यंत भिंतीला हात लावत चालते."

"तुम्ही पाहिलंत?"

"पडद्याच्या फटीतून. पेट्रोल माझं नव्हतं, पोरी."

"आणि मासे?"

सव्वीस वर्षं त्याने दर फेरीचा हिशेब लिहिला होता; पण गुरुवारची फेरी वहीत कधीच नसे, कारण तिचं भाडं नव्हतं. भाडं कडीला लटकत होतं, आणि दहा आठवडे ते तो नुसतंच घेत होता. त्याने काढलेल्या चार शून्यांत खोटं असं काहीच नव्हतं. तरीही मासळीपुढचं शून्य खरं नव्हतं.

"पेन्सिल दे," तो म्हणाला.

मासळीपुढचं शून्य त्याने एका सरळ रेघेने खोडलं आणि बाजूला लिहिलं : पेट्रोल, दर गुरुवारी, बावन्न मैल, नऊ पौंड. शेजारणीला दवाखान्यात नेणे. बदल्यात मासळी.

इशबेलने ते दोनदा वाचलं. "हे प्रवासाच्या रकान्यात जाईल, आणि तिथे विश्वस्त प्रश्न विचारेल. मान्य करेलच असं मी सांगू शकत नाही. जेवणात घातलं तर कुणी विचारायचं नाही."

"विचारू दे. उत्तर लिहिलंय की."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर नऊ पौंड माझ्या लापशीतून जातील."

"आणि बटाटे, मटण? तेही कुणाकडून तरी येत असेल."

"तेही मुर्डिनाकडचंच. तोच गुरुवार."

तिने अर्ज भरला आणि त्याने सही केली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मुलांना शाळेत सोडून तो नऊ वाजून दहा मिनिटांनी घरी आला. स्वयंपाकघरात गेला आणि सवयीने पडद्याला हात घातला; मग पडदा तसाच सोडून त्याने धुतलेली, घडी घातलेली पावाची पिशवी घेतली. साडेनऊच्या आधी गाडी मुर्डिनाच्या फाटकापाशी उभी होती. त्याने भोंगा वाजवला नाही.

ती दारातून बाहेर आली, गाडीकडे पाहिलं, कुलूप लावलं, आणि काठी आधी आत टाकून मग स्वतः बसली.

"उशीर झाला तुला," ती म्हणाली.

"अजून साडेनऊ व्हायचेत."

"दहा आठवडे झालेत." तिने पट्टा ओढला, तो अडला तेव्हा टॉर्किलने हात पुढे करून लावून दिला. "आणि तुझा तो पडदा धुवायला झालाय. दर गुरुवारी बघते मी."

"धुतो," तो म्हणाला.

पिशवी त्याने तिच्या मांडीवर ठेवली. मग कप्प्यातून वही काढली, तारीख घातली, मैलांचा आकडा वाचून लिहिला आणि हँडब्रेक सोडला.