जाळ्या वाळेपर्यंत

आमच्या घरात एसीला हात लावायचा हक्क फक्त बाबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. ते निवृत्त झाले आणि आम्ही त्यांच्या भल्यासाठी त्यांचं एकेक काम काढून घेत गेलो. हात थरथरतो म्हणून स्कूटर गेली. सगळं मोबाइलवर आलं म्हणून बँक गेली. भाजीवाला त्यांच्या गळ्यात काल-परवाची भाजी मारतो, म्हणून तीही मीच आणायला लागले. उरला फक्त एसी. दर रविवारी जेवणं आटोपली की बाबा स्टुलावर चढत, झाकण उघडून आतल्या दोन्ही जाळ्या काढत आणि बाथरूममध्ये जुन्या टूथब्रशने घासघासून लख्ख करत. स्टूल धरायचं काम माझं, आणि वरून सूचनाही मलाच.

"नीट धर गं. पडलो तर तुलाच निस्तरावं लागेल."

"म्हणूनच तर धरलंय, बाबा."

तेवढा वेळ आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पलंगावर घामाघूम होऊन बसलेल्या असत. त्यांना उकाडा मुळीच सोसत नाही. म्हणून बाबांची सगळी घाई. जाळ्या झटकल्या न झटकल्या की लगेच जागेवर, आणि एसी सुरू.

या उन्हाळ्यात आईंना खोकला लागला. एसी लावला की थोड्याच वेळात ढास सुरू. डॉक्टर झाले, काढे झाले, फरक शून्य. त्यात एक गोष्ट मला खटकायची. बाबांचा दुपारी डोळा लागला की आई उशी उचलून गुपचूप बाहेरच्या खोलीत यायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "एसीत पाय दुखतात." उकाड्याने कासावीस होणारी बाई गार खोली सोडून येते म्हणजे काय? शेवटी माझं डोकं फिरलं आणि मी सरळ एसीवाल्याला बोलावलं.

बाबांना ते भलतंच लागलं. "माझी स्वच्छता कमी पडते वाटतं!" असं म्हणून ते बाहेरच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून बसले.

एसीवाल्याच्या तोंडाचा पट्टा दारातूनच सुरू झाला होता. बोलता बोलता त्याने यंत्राखाली प्लास्टिकची मोठी पिशवी बांधली, पुढचा भाग उतरवला आणि आत टॉर्च मारला.

"ताई, जाळ्या एकदम चकाचक आहेत. पण आतला पंखा बघा."

मी बघितलं. वारा फेकणाऱ्या त्या लांब पंख्याच्या पात्यापात्यावर काळी बुरशी धरली होती.

"ओल्या जाळ्या बसवल्यात इथे दरवेळी. ओल आतच राहते. काकूंना खोकला नाही होणार तर काय होणार? कुणाचा हा शहाणपणा?"

आईंनी झटकन ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनीच बाहेरच्या खोलीकडे खूण केली. त्याने जीभ चावली आणि तो मुकाट्याने पंप जोडायला लागला.

"आई, तुम्हाला माहीत होतं?" मी हळूच विचारलं.

"वास येतो गं कुबट, जाळ्या बसवल्या की. न कळायला काय झालं? पण मला उकडतं म्हणूनच घाई करतात ना ते. हेही काम काढून घेतलं, तर त्या माणसाने दिवसभर करायचं काय?"

मला त्यांचा रागही आला आणि रडूही आलं. मी मान वळवली, तर बाबा दारात उभे होते. पेपर हातात तसाच होता.

एसीवाल्याने पंप सुरू केला. पिशवीतून बादलीत काळं पाणी पडायला लागलं. बादली भरेपर्यंत बाबा ते पाणी बघत होते.

"माझ्यामुळे," एवढंच म्हणाले आणि परत फिरले.

आईंचा खोकला आठवड्याभरात गेला. त्याच्या पाठोपाठ बाबांचा आवाजही गेला म्हणायचा. रविवार आला, जेवणं झाली, पण स्टूल जागचं हललं नाही. "त्या माणसालाच बोलवत जा," असं मला सांगून ते खुर्चीत बसून राहिले. टीव्ही नाही, पेपर नाही. चहा पुढे ठेवला तर प्यायचे, नाहीतर मागायचेही नाहीत. आईंनी हे काही दिवस सोसलं. मग एका रविवारी त्यांनी स्वतःच स्टूल फरफटत एसीखाली आणलं आणि त्यावर एक पाय ठेवला.

"अहो, मी चढतेय. पडले तर निस्तरा."

बाबा ताडकन उठले. "वेड लागलंय का तुला? उतर आधी!"

"मग तुम्ही चढा."

"माझा हात लागला की तुला खोकला होतो."

"खोकल्याला औषध आहे. तुम्ही असे खुर्चीत बसून राहता, त्यावर कुठलं औषध आणू? मला नाही बघवत ते."

बाबांनी आईंचा हात धरून त्यांना स्टुलापासून बाजूला केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नीट धर गं."

जाळ्या घासून झाल्यावर त्यांनी त्या बाल्कनीत, सावलीतल्या दोरीवर चिमटे लावून टांगल्या आणि समोर दोन खुर्च्या मांडल्या. एसी बंद. आईंचा चेहरा उकाड्याने लालबुंद झाला होता. पेपरची घडी करून त्या वारा घेत होत्या.

"वाळल्या का गं?" बाबा विचारत.

आई हात लावून बघत. "नाही हो. अजून ओल आहे."

मग बाबा पुन्हा टेकून बसत आणि नोकरीतल्या कुठल्यातरी साहेबाची फजिती सांगायला लागत. ती आम्ही सगळ्यांनी हजारदा ऐकली होती. आई तरी खळखळून हसत होत्या. इतक्या दिवसांत आमच्या घरात असं हसू ऐकू आलं नव्हतं.

मी वाळलेले कपडे काढायला गेले, तेव्हा माझा हात एका जाळीला लागला. ती खडखडीत वाळली होती. दुसरीही तशीच. मी आईंकडे बघितलं. त्यांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

त्यांनी हळूच ओठांवर बोट ठेवलं. मी कपडे घेऊन आत आले.