पाच ओळींच्या आत

आमच्या नववीच्या वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे ‘तार’ म्हणतात. बोलणं पोस्टाच्या जुन्या तारेसारखं, मोजकं. नावगाव विचारलं तर नाव आज सांगेल, गाव पुढच्या वर्षी. मी तिची भाषेची बाई. माझाही आवाज फारसा कुणाला ऐकू जात नाही, त्यामुळे आमचं दोघींचं बरं जमायचं.

त्या दिवशी संगणकखोलीत सारांशाची तिसरी आणि शेवटची चाचणी होती. पडद्यावर उतारा येतो, तो वाचायचा, खाली सारांश टाइप करायचा. अर्ध्या मिनिटात सॉफ्टवेअर सहापैकी गुण देतं आणि वर एक शेराही मारतं. मुलांनी त्याचं नाव ‘मास्तर’ ठेवलं होतं. तिन्ही वेळा चारच्या खाली गुण पडले की पुढच्या वर्षी पायाभूत वर्ग. आणि पायाभूत वर्गातल्या मुलीला नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेला बसता येत नाही. तारची आई इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुते. मुलीनं त्याच इस्पितळात नर्स होऊन यावं, एवढी एकच तिची इच्छा.

तारनं हात वर केला. पडद्यावर लाल पट्टी होती. दोन गुण.

“बाई, यात काय राहिलं?”

उतारा मधमाश्यांचा होता. नवं घर शोधताना माश्या काय करतात, याची तीन लांब परिच्छेदांत माहिती. तारनं लिहिलं होतं: “नवी जागा शोधायला थोड्या माश्या जातात. परत येऊन नाचून पत्ता सांगतात. बाकीच्या नुसत्या ऐकून घेत नाहीत, स्वतः जाऊन बघून येतात. पुरेशा जणींना पटलं की सगळा थवा निघतो.”

मी दोनदा वाचलं. काहीच राहिलं नव्हतं. खाली मास्तरांचा शेरा होता: ‘सारांश अपुरा आहे. मुद्द्यांचा विस्तार करा.’ सारांशाचा विस्तार करा! उपवासाला पोटभर जेवायला बोलवावं तशी गत.

“अजून दोन ओळी घाल,” मी हळूच म्हणाले.

“कशाबद्दल?”

“माश्यांबद्दलच.”

“माश्या तर निघून गेल्या ना, बाई.”

तसंही तिचं उत्तर आधीच जमा झालं होतं. मी शेजारच्या संगणकावर सरावाचं पान उघडलं, तिच्या त्याच चार ओळी टाइप केल्या आणि खाली उताऱ्यातली पहिली तीन वाक्यं जशीच्या तशी चिकटवली. पट्टी हिरवी झाली. चार गुण. ‘छान! मुद्द्यांचा उत्तम विस्तार.’ मग एकेक वाक्य काढत गेले. पाच ओळी असेपर्यंत चार. चार ओळी झाल्या की दोन.

पाच ओळी. हा नियम माझ्या ओळखीचा होता.

दोन वर्षांपूर्वी हे सॉफ्टवेअर तयार होत होतं, तेव्हा त्याला शिकवायला माणसांनी तपासलेले सारांश हवे होते. आमच्या शाळेनं जुने बाराशे कागद काढले आणि तपासायला आम्ही दोघी बसलो, मी आणि घड्याळबाई. त्या भूगोल शिकवतात, आणि बोलता बोलता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघण्याची सवय, म्हणून हे नाव. नियम असा होता की प्रत्येक कागद दोघींनी वेगवेगळा तपासायचा आणि गुण जुळायला हवेत. जुळले नाहीत तर तो कागद पुन्हा आमच्याच पुढ्यात. पहिले तीन दिवस रोज चाळीसेक कागद परत येत होते. लहान सारांशांवरच सगळं अडायचं. मी पाच द्यायची, त्या दोन द्यायच्या.

चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, “हे बघ, पाच ओळींच्या आत असेल तर दोन. वाचायचंच नाही. तूही सुटलीस, मीही सुटले.”

आणि मी म्हणाले, “हूं.”

त्यानंतर एकही लहान कागद परत आला नाही. ‘उत्कृष्ट एकमत’ म्हणून आम्हाला प्रशस्तिपत्रही मिळालं. रोज रात्री देवापुढे बसून दिवसभरात जिभेनं काय काय केलं ते आठवायचं, हा माझा फार वर्षांचा नेम. पण त्या ‘हूं’बद्दल मी देवापाशी कधी बोलले नव्हते. तो शब्दच वाटला नव्हता मला.

घड्याळबाई शिक्षकखोलीत चहा घेत होत्या. मी सांगितलं तसा त्यांनी कप खाली ठेवला.

“अगं, दोन वर्षं झाली त्याला. आता कशाला मढं उकरतेस?”

“आपणच शिकवलंय त्याला, बाई.”

“आपण कुठं शिकवलं? ते शिकलं.”

“आपलं बघूनच ना?”

“निवृत्तीला सात महिने राहिलेत माझे,” त्या घड्याळाकडे बघत म्हणाल्या. “सात महिन्यांनी हवं ते बोल. माझं नाव घेऊन बोल, नाचून बोल.”

“पायाभूत वर्गाची यादी आज पाचला जाणार आहे.”

“मग जाऊ दे की.”

यादीवर भाषेची प्रमुख म्हणून माझी सही लागत होती. मी ती तशीच उचलली, पाच ओळींच्या आतले सगळे सारांश छापून सोबत घेतले आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. सर भले गृहस्थ. पण कामाचा कागद टेबलावर राहिला की त्यांना ताप चढतो.

“झाली सही?”

“नाही, सर. करणार नाही.”

सरांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. माझ्याबाबतीत असं बहुतेकांना वाटतं. म्हणून मी पुन्हा सांगितलं, आणि ‘हूं’सकट सगळं सांगितलं. ते ऐकत गेले आणि त्यांचा चष्मा नाकावरून खाली येत गेला.

“बाई, तुम्ही काय बोलताय कळतंय का तुम्हाला? चौकशी लागेल. तुमच्याच मागे लागेल.”

“लागू दे.”

“एका मुलीसाठी?”

“एकतीस आहेत, सर. पाच ओळींच्या आतले, दोन गुणवाले. तीनदा नापास. मी मोजूनच आले.”

“सॉफ्टवेअर चूक आणि तुम्ही एकट्या बरोबर?”

“उलट सांगतेय मी. चूक माझी आहे, आणि शिक्षा त्यांना होतेय.”

सरांनी घड्याळबाईंना बोलावलं. त्या आल्या, दारातच उभ्या राहिल्या.

“यांचं म्हणणं खरं आहे?”

घड्याळबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. “मला नाही बाई आठवत. बाराशे कागद होते. कुठं कुठं लक्ष राहणार?”

“ऐकलंत?” सर मला म्हणाले. “करा सही.”

मला राग आला. मी रागवत नाही, असं सगळे म्हणतात. खरं म्हणजे मी रागावते, आवाज वाढत नाही एवढंच.

“सर, ते बाराशे कागद तुमच्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात आहेत. आमच्या दोघींच्या अक्षरातले गुण आहेत त्यांवर. चौथ्या दिवसापासूनचे गठ्ठे काढा. पाच ओळींच्या आतल्या एका, फक्त एका कागदावर दोनच्या वर गुण दाखवा. मी सही करते आणि शेजारी राजीनामाही लिहून ठेवते.”

“आत्ता? साडेचार झालेत.”

“म्हणून तर आत्ता.”

सर उठले. मला खोटं पाडावं म्हणूनच उठले असणार. एक गठ्ठा सुटला, दुसरा सुटला. धुळीनं त्यांना शिंका यायला लागल्या. दोन. दोन. दोन. तिसऱ्या गठ्ठ्यात त्यांनी एक चार ओळींचा कागद उचलला, पहिल्यांदाच गुण सोडून मजकूर वाचला, आणि तिथेच खुर्चीत टेकले.

“हा चांगला आहे की हो.”

“हो.”

“मग याला दोन का दिलेत?”

“वाचलाच नव्हता, सर.”

दाराशी घड्याळबाईंचा आवाज आला, अगदी बारीक. “नव्हता वाचला. मीच म्हणाले होते हिला.” आणि त्या निघून गेल्या. मी त्यांना हाक मारली नाही. त्यांना जे जमलं ते त्यांनी केलं होतं.

शिपाई आत डोकावला. “सर, पाच वाजले. यादी न्यायला गाडी आलीय.”

सर यादीकडे बघत राहिले. मी पेन उचललं आणि सहीच्या जागी लिहिलं: ‘ही यादी चुकीच्या तपासणीवर बेतलेली आहे. ती चूक मी केली आहे.’ खाली माझं पूर्ण नाव, तारीख.

“झालं!” सर कपाळावर हात मारून म्हणाले. “आता ही पाठवता तरी येते का?”

“नाही येत. म्हणूनच लिहिलं.”

“सांग त्यांना, यादी आज नाही मिळणार,” ते शिपायाला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “आणि हे एकतीस कोण वाचणार? तुम्ही तर नाही. तुमचा आता भरवसा काय?”

“बरोबर आहे. तुम्ही वाचा.”

“मी?”

“तुम्हीही भाषाच शिकवायचात, सर. चार-चार ओळी तर आहेत.”

मी तारचा कागद वर ठेवला. सरांनी चष्मा पुसला आणि ओठ हलवत वाचायला लागले. मग उतारा मागितला, तोही वाचला, पुन्हा तिच्या चार ओळींवर आले. शिपाई दारात खोळंबला होता, त्याला जा म्हणायचंही त्यांच्या ध्यानात आलं नाही. शेवटी त्यांनी लाल पेनानं दोन खोडले आणि पाच लिहिले.

म्हणजे पायाभूत वर्ग टळला. परीक्षेला बसता येणार. मी तेवढ्यावर उठायला हवं होतं.

“सहा का नाही, सर?”

“बाई, आता अति होतंय हं.”

“होऊ दे. पण एक गुण कशाचा कापला, ते खाली लिहा. उद्या ती मला विचारेल.”

सरांनी माझ्याकडे रागानं पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं. पेन कागदावर टेकवून ते कारण शोधत पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागले. मी खुर्ची पुढे ओढली आणि उरलेले तीस कागद मांडीवर घेऊन बसले.