पाच नंबरची लाइन

छोट्या लाइनीच्या गाडीतून हरिदास मेश्राम नागभीडला उतरला तेव्हा भलताच खुशीत होता. थंडीचं कोवळं ऊन पडलं होतं, खांद्यावर पेचकसांची पिशवी होती, आणि नागपूरच्या साहेबांनी त्याला पहिल्यांदाच एकट्याला कामावर पाठवलं होतं. गावाबाहेरच्या धानगिरणीनं त्यांच्याकडून कॉम्प्युटर घेतला होता. एरवी तो नीट चालायचा. पण धानाचा ट्रक वजनकाट्यावर चढला रे चढला, की जागच्या जागी थिजायचा. बटणं दाबा, विनवण्या करा, ढिम्म हलायचा नाही.

गिरणीच्या फाटकात लाल राजदूत मोटरसायकल उभी होती. तिच्या टाकीवरचं निळं अशोकचक्र पाहिलं आणि हरिदासची खुशी जागेवरच उतरली. ते चक्र त्यानंच रंगवलं होतं. गाडी सोमाजीची होती.

सोमाजी आणि तो एके काळी चिमुरात एकाच दुकानात रेडिओ दुरुस्त करत. एका भीमजयंतीला दोघांनी मिळून बनवलेला अँप्लिफायर ऐन गाण्याच्या रंगात धूर सोडून बसला. सोमाजी म्हणाला, वायर हरिदासनं उलटी जोडली. हरिदास म्हणाला, ट्रान्सफॉर्मर सोमाजीनं हलका आणला. तेही साऱ्या वस्तीसमोर. त्यानंतर दुकान मोडलं. हरिदास नागपूरला कॉम्प्युटर शिकला, सोमाजी चंद्रपूरला इलेक्ट्रॉनिक काट्यांच्या कामाला लागला. मधल्या वर्षांत एका लग्नात दोघं समोरासमोर आले होते, पण पंगत वेगळी धरली.

आत काटा बसवणारा म्हणून सोमाजी आधीच येऊन बसला होता, आणि कॉम्प्युटरवर पावत्या काढणाऱ्या इंदुताई होत्या. त्यांनी दोघांनाही चहा दिला आणि सरळच सांगितलं.

"तुमी म्हनता काट्याची चूक, हे म्हनतात कॉम्प्युटरची. तिकडं वामनराव म्हनून राह्यले, का डब्बा उचलून परत पाठवा. मंग मीच दोघांयले एकाच दिवशी बोलावलं. आता काय ते करा."

वामनराव गिरणीचे अध्यक्ष. ते बाहेर ट्रकांच्या रांगेपाशी हात मागे बांधून फेऱ्या मारत होते.

"इंदुताई, त्याले म्हना, डब्बा उघड," सोमाजी खिडकीकडं पाहत म्हणाला.

"त्याले सांगा, उघडूनच राह्यलो," हरिदास म्हणाला.

इंदुताईंनी एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं पाहिलं. "मी काय टेलिफोन ऑफिस आहो का? समोर बसले आहात ना तुमी?"

हरिदासनं झाकण काढलं. आत ओळीनं उभी कार्डं खोचलेली: पडद्याचं, प्रिंटरचं, हार्डडिस्कचं, आणि शेवटी काट्याचं, सोमाजीनं बसवलेलं. वजन त्याच कार्डातून कॉम्प्युटरात यायचं; ते वाचणारा प्रोग्रॅमही सोमाजीचाच.

"ट्रक चढवाले सांगा," हरिदास म्हणाला.

पत्रू ड्रायव्हरनं ट्रक काट्यावर घेतला. हार्डडिस्कचा लाल दिवा लागला तो लागलाच. पडदा थिजला.

"उतरवा."

मशीन बंद केलं. आता हरिदासनं काट्याचं कार्ड उपसून हातात धरलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं. पत्रूनं ट्रक पुन्हा चढवला. या वेळी काहीच झालं नाही, कॉम्प्युटर मजेत चालत राहिला. हरिदासच्या चेहऱ्यावर हसू आलं. सोमाजीनं ते पाहिलं.

"इंदुताई, त्याले विचारा, काट्याचं कार्ड काढल्यावर वजन कुठून येईन? आभाळातून?"

बाहेरून पत्रू ओरडला, "मी धान आनलं का काट्यासंग खेळाले आलो? चढव, उतरव! डिझल जळून राह्यलं ना बापा!"

हरिदासला हसू आवरलं नाही, पण मुद्दा सोमाजीचा खरा होता. त्यानं कार्ड उजेडात धरलं. कडेला पितळी सुयांची रांग होती आणि एका जोडीवर चिमुकली काळी टोपी, म्हणजे जंपर, बसवलेली. बाजूला बारीक अक्षरात आकडा होता. तो वाचून हरिदासनं पटकन हार्डडिस्कच्या कार्डावरचा आकडा पाहिला.

"सोम्या," तो म्हणाला, "हे पाचवर आहे."

आपण थेट बोललो हे त्याला बोलून झाल्यावर कळलं. इंदुताईंनी चहाचे कप उचलले आणि आवाज न करता बाजूला ठेवले.

"हाव, पाचवर. कंपनीतूनच तसं येते. मंग?"

"हार्डडिस्कही पाचवर आहे."

सोमाजी खुर्ची ओढून जवळ आला.

"म्हंजे काय झालं?" इंदुताईंनी विचारलं.

"ताई, आतलं प्रत्येक कार्ड प्रोसेसरले, म्हंजे कॉम्प्युटरच्या मेंदूले, बोलावते," हरिदास म्हणाला. "ज्याची त्याची लाइन ठरलेली. पाचवरून बोलावनं आलं का प्रोसेसर समजते, हार्डडिस्कचं काम आहे. इथी ट्रक चढला का काटाही पाचवरूनच बोलावते. प्रोसेसर घोटाळ्यात पडते अन् तिथंच अडकून बसते."

"मंग एकाले दुसरी लाइन द्या."

"तीन नंबर रिकामी आहे," हरिदास म्हणाला आणि चिमट्यानं टोपी उचलून तीनवर बसवली. मशीन बंद करून त्यानं कार्ड परत खोचलं आणि मशीन सुरू केलं.

पत्रूनं कपाळावर हात मारत ट्रक चढवला. कॉम्प्युटर थिजला नाही. पण पडद्यावर वजनाच्या जागी नुसतं शून्य होतं. दाराशी येऊन ठेपलेले वामनराव म्हणाले, "बढिया! एवढं धान अन् वजन शून्य."

हरिदासचा चेहरा पडला. पण सोमाजीनं कीबोर्ड स्वतःकडं ओढला.

"कार्ड तिनावर गेलं, पन माह्या प्रोग्रॅमले कोनं सांगतलं? तो अजून पाचवरच वाट पाहून राह्यला. थांब." त्यानं दोन-चार ओळी धुंडाळल्या, पाचाचा तीन केला. "मशीन बंद करून चालू कर, हऱ्या."

हऱ्या. कितीतरी वर्षांत त्याला कोणी असं म्हटलं नव्हतं. नागपुरात तो मेश्रामसाहेब होता. त्यानं मान खाली घालून बटण दाबलं.

ट्रक चढला. लाल दिवा लुकलुकला, विझला, आणि पडद्यावर वजन उमटलं. पाठोपाठ प्रिंटर करकरत पावती काढू लागला. इंदुताईंनी टाळी वाजवली. पत्रूनं हॉर्न दिला, तो आनंदाचा होता की रागाचा ते कळलं नाही. वामनरावांनी पावती उलटसुलट करून पाहिली आणि "बरं" एवढंच म्हणून पुढच्या ट्रकला हात केला.

रांग हलू लागली. दोघं काट्याच्या कठड्यावर बसून एकेक वजन पाहत राहिले. मशीन कुठंच अडखळलं नाही.

"मूल गावच्या गिरणीतही हेच कार्ड बसवलं मी," सोमाजी म्हणाला. "तिथंही कॉम्प्युटर थिजते म्हनतात. पन तो डब्बा भलत्याच कंपनीचा आहे, मले उघडता येत नाई."

"मले येते."

"तुही गाडी कवा आहे?"

स्टेशनाच्या बाजूनं छोट्या गाडीची शिटी ऐकू आली. हरिदासनं पिशवी उचलली आणि राजदूतच्या मागच्या सीटवर जाऊन बसला.

"चाल," तो म्हणाला. "साहेबाले मूलवरून फोन करतो."