चढू?

थोरलीने हार्नेसचा कमरेचा पट्टा गच्च ओढला आणि दोराचं टोक बहिणीकडे फेकलं. धाकटीने ते वर न बघताच झेललं. तेही हिला खुपलं.

कडा चढायला शिकवणाऱ्यांच्या दाखल्याची आज परीक्षा होती. थोरली गेल्या वर्षी नापास झालेली; यंदा दोघी बसल्या होत्या. केंद्रात प्रशिक्षकाची जागा एकच, आणि सकाळपासून परीक्षक धाकटीवरच खूश. "पाय बघा हिचे! मांजर चढतंय जणू," तो सगळ्यांदेखत म्हणाला होता. हातांनी लोंबकळू नकोस, पायांवर भार दे, हे त्या मांजरीला शिकवलं कुणी? हिनेच ना! गुरूची विद्या गुरूलाच फळली, आणि वर हसून 'वा वा' करायचं.

परीक्षकाने धाकटीला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं आणि हाताची घडी घालून तो कड्यापाशी उभा राहिला.

"हं, आता हिची पाळी," तो धाकटीकडे बोट दाखवत म्हणाला.

दोर चढणाऱ्याने बांधायचा, गाठ खाली दोर धरणाऱ्याने तपासायची, आणि त्याने 'चढ' म्हटल्याशिवाय निघायचं नाही, असा नियम. हिने तो बहिणीच्या अंगी इतका मुरवला होता, की घरी माळ्यावर चढतानासुद्धा ती आधी विचारायची.

"चढू?"

थोरलीने बहिणीच्या कमरेच्या गाठीकडे पाहिलं. टोक परत ओवलेलंच नव्हतं. गाठ अर्धी. वजन पडलं की सुटणार.

अगं बाई! हिच्याकडून अशी चूक? आधी तिला चक्क आनंद झाला. गप्प राहावं. आपण कुठे 'चढ' म्हणतोय? परीक्षक उभाच आहे, तो काही पडू देणार नाही. त्याला दिसेल, तो ओरडेल, आणि कळेल सगळ्यांना मांजरीचं कौतुक.

तिने हातातला दोर उगाच सारखा केला. परीक्षकाकडे पाहिलं. तो वर कड्याकडेच बघत होता.

"ताई, चढू?"

धाकटीची नजर हिच्या डोळ्यांवर होती. तिने एक हात खडकावर ठेवला.

"थांब! गाठ अर्धी आहे. सोड ती."

परीक्षक हसला. "मीच ठेवायला सांगितली होती तिला अर्धी. परीक्षा तुमची होती, बाई. जरा वेळ लावलात, पण पकडलीत. पास!"

पास! थोरलीला हसू आवरेना.

"घाबरवलंस की गं मला. पटकन दिसलीच नाही बघ."

धाकटीने गाठ सोडली, नव्याने बांधली, टोक पूर्ण ओवलं आणि दोनदा ओढून पाहिलं. तपासायला थोरलीने हात पुढे केला.

"सर," धाकटी तिच्या खांद्यावरून बघत म्हणाली, "तुम्ही बघता का जरा?"