वाडीचा कागद

मी एक जुना कागद आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही.

खरं तर मी पत्र आहे. एकोणिसावं शतक सरता सरता मुलींची शाळा काढणाऱ्या एका सुधारक मास्तरांनी मला बोरूने मोडीत लिहिलं आणि दिवेआगरच्या कोंडाजींना पाठवलं. पुढे कोंडाजी गेले, गावातले मोडी वाचणारेही गेले. मग घरात कुणीतरी ठरवून टाकलं, अक्षर वाचता येत नाही, म्हणजे हा आपल्या नारळी-सुपारीच्या वाडीचाच कागद! आमच्याकडे कागद म्हणजे जमिनीचा. तेव्हापासून माझा थाट काय विचारता! पत्र्याच्या डब्यात सातबाऱ्याच्या वर माझी जागा, दसऱ्याला हळदकुंकू. २०२० च्या वादळात घरावरचे पत्रे उडाले, पण हे पत्र राहिलं, कारण कोंडाजींची पणतसून मनुबाई मला पोटाशी धरून बसली होती.

पण या मानाने मला कधी स्वस्थता दिली नाही. मी वाडीचा नाही हे कळलं, तर चुलीत जायला कितीसा वेळ?

गेल्या महिन्यात म्हसळ्याहून सोनल नावाची बाई आली. जुन्या समाजसुधारकांची हस्तलिखित पत्रं ती गोळा करते. मनुबाई दारातच उभी राहिली.

"आज कागुद न्यायला आलीस, उद्या वाडी न्यायला येशील."

"आजी, मी हातसुद्धा लावत नाही. तुम्हीच धरा, मी लांबून वाचते."

इतकं गोड बोलणाऱ्या माणसाचा मला जास्तच संशय येतो. पण वाडीचं नाव ऐकायच्या ओढीने मनुबाईने मला उघडलं, दोन्ही कडा घट्ट धरून. सोनल अडखळत वाचू लागली, "आपली कन्या रंगू बुद्धीने तल्लख आहे. तीस शाळेत पाठवावे. वाडीचे काम तिजवाचून अडणार नाही."

"वाडीचं नाव हाय न्हवं?"

"आहे. पण मालकीचं नाही, आजी. हे पत्र आहे."

झालं, मी मनात म्हटलं. चूल आतच पेटलेली होती. पण मनुबाईने कडा सोडल्या नाहीत.

"मंग धाडली का रंगूला?"

"ते यात नाही लिहिलेलं."

"न्हाय धाडली असंल," मनुबाई म्हणाली. "पन तिच्यासाठी कोनी लिवलं तरी. माझ्यासाठी कोनी कागुदबी न्हाय धाडला."

तिने सोनलला माझा फोटो काढू दिला, मला मात्र नेऊ दिलं नाही. मग विचारलं, "ह्यात रंगू कुठं हाय, दाव." सोनलने बोट न टेकवता तो शब्द दाखवला. आता रोज सकाळी ती मला उघडते आणि तेवढा एक शब्द शोधते. मला तिची भीती वाटायची, याची आता लाज वाटते.

मित्रांनो, जुना कागद मागायला कुणी आलं, तर संशय जरूर घ्या. नाव-गाव विचारा, कडा सोडू नका. पण तो वाचून घ्या. मनुबाईला तो शब्द काल पहिल्यांदा कुणाच्या मदतीशिवाय सापडला.