तिसगावच्या मोजणीवर्गातली साखळी

“रंगुबाईची हीर गेली म्हनं सूर्यभानाकडं! आन् बैल पन…”

एवढं बोलून ती बाई एकदम गप्प झाली. रिकामी घागर घेऊन समोरून रंगुबाईच येत होती. मग सगळ्याजणी “लई ऊन हाय बाई” म्हणत आभाळाकडं बघायला लागल्या. आभाळात बघण्यासारखं त्या साली काही नव्हतं. शाळेच्या ओट्यावर पडल्या पडल्या मी मात्र तळमळले. बैलांचं पुढं काय? अर्धी बातमी ऐकून गप्प राहणं माझ्या स्वभावात बसत नाही.

मी मोजणीची साखळी बोलतेय. गळ्यात घालायची नव्हे, आगगाडी थांबवायचीही नव्हे. शेत मोजायची. तारेच्या कड्या, मधे मधे पितळी बिल्ले, दोन टोकांना दोन मुठी. लांबी तेहतीस फूट. माझ्याएवढा लांब आणि माझ्याएवढाच रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा. कारखान्यातून निघाले तेव्हा मला तपासून शिक्का मारला होता. माहेराहून निघताना पोरी असतात, तशी मीही अगदी सरळ आणि गुणी होते.

त्यानंतर किती मोजणीदारांच्या हातून फिरले! एकेकाची तऱ्हा पाहिली. कुणी मला असं ओढी, की जणू रान मोजायचं नसून उपटायचं आहे. कुणी इतकी सैल सोडी, की मी मधल्या मधे डुलकी घ्यायचे. आकडे मात्र सगळ्यांचेच छान वळणदार यायचे.

एकाहत्तरचा पाऊस हुकला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तिसगावच्या शाळेत नव्या तलाठ्यांचा मोजणीवर्ग भरला. शिकवायला एक निरीक्षकसाहेब आले. मीटरची नवी साखळी मागवली होती, ती ‘येतेच आहे’ असं साहेब रोज सांगत. ती येईपर्यंत मी.

वर्ग मोठा विद्वान होता. फळ्यावर नकाशे, खडूनं काढलेले ओढे, ओढ्यांवर निळा खडू. साहेब म्हणायचे, “नकाशा म्हणजे गावाचा आरसा. नवा बांध पडला, विहीर खोदली, की लगेच नकाशावर चढली पाहिजे.” खुद्द तिसगावच्या त्या नकाशात ओढ्याकडचा भाग उंदरांनी खाल्ला होता. त्यामुळं तिकडं काहीच चढवायचं काम उरलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी साहेबांनी मुख्य धडा दिला. शाळेच्या अंगणात तेहतीस फुटांवर दोन खुंट्या पक्क्या ठोकल्या आणि सांगितलं, “रोज सकाळी साखळी या खुंट्यांना लावून बघायची. मगच रानात जायचं.” सगळ्यांनी ते वहीत उतरवलं. श्रीमंत नावाचा एक शिकाऊ तलाठी होता, त्यानं तर खाली दुहेरी रेघ ओढली. एवढी सुबक रेघ ओढल्यावर पुन्हा खुंट्यांकडं जायची काय गरज?

मग आली लग्नसराई. साहेबांच्या भाचीचं लग्न निघालं, श्रीमंतच्या आत्याच्या दिराचं निघालं, आणि नकाशाशास्त्र आठवडाभर बंद राहिलं. मला ठेवलं शाळेच्या भिंतीला भिंत असलेल्या मालनबाईच्या घरी. “सरकारी वस्तू आहे, नीट सांभाळा,” असं बजावून.

मालनबाईनं सांभाळलं. तिच्या म्हशीचं दावं तुटलं होतं, म्हणून मला म्हशीला बांधून सांभाळलं. मी लांब, त्यामुळं म्हैस सकाळी लिंबाखाली आणि दुपारी भिंतीच्या सावलीला जायची. मालनबाई शेजारणीला अभिमानानं सांगायची, “सरकारी माल कसा हाय बग, किती लांब पुरतोय!” पण एक दिवस कुत्रं भुंकलं, म्हशीनं हिसका दिला आणि माझी एक कडी तटकन् तुटली. बाकीच्या कड्याही ओढून ओढून उघड्या पडल्या. मालनबाई हळहळली. मनानं बाई चांगली. माळ्यावरून तिनं पाळण्याची जुनी, वीतभर लांब कडी काढली, लेकीची वेणी घालावी तशी मला जोडली आणि म्हणाली, “झालं गं बाई, कुनाला कळायचं बी न्हाई.”

कुणाला कळलंही नाही. मी हातभर लांब झाले होते. वर्गातल्या कुणाची मापं घेणारी नजर माझ्यावर पडली नाही.

सुट्टी संपली तसे साहेब म्हणाले, “आता प्रत्यक्ष काम. एखादा खरा वाद असलेलं रान पाहिजे.” तिसगावात वादाला काय तोटा? रंगुबाई आणि तिचा चुलत दीर सूर्यभान यांची शेतं लागून होती. मधला बांध नांगरता नांगरता नाहीसा झालेला, आणि बांध होता तिथंच विहीर. रंगुबाईचा नवरा शुगर फॅक्टरीवर, शेतीचं सगळं तिच्या अंगावर. विहिरीत गुडघाभर पाणी होतं, तेवढ्यावर तिची बैलजोडी जगलेली. विहीर गेली असती, तर बैल तिसगावच्या बाजारात उभे करायचे.

टिपणात, म्हणजे शेताच्या मापाच्या कागदावर, दोन्ही शेतांची रुंदी लिहिलेली होती. कडेच्या हद्दीच्या दगडापासून तेवढं मोजायचं, की मधली हद्द सापडते. सुरुवात कोणत्या बाजूनं करायची यावर साहेबांनी शास्त्रशुद्ध विचार केला. सूर्यभानाच्या बाजूला लिंबाची सावली होती आणि मडक्यात ताक होतं. तिकडून सुरुवात झाली.

मी हातभर लांब. दर पल्ल्याला सूर्यभानाचं रान हातभर पुढं सरकत गेलं. शेवटची खुंटी पडली ती विहिरीच्या पलीकडं, थेट रंगुबाईच्या रानात!

“बगा वहिनी,” सूर्यभान मिशीला ताक पुसत म्हणाला, “मी म्हनत न्हवतो? सरकारच बोललं.”

“सरकार न्हाई भावजी, तुमचं ताक बोललं.”

श्रीमंतनं उत्साहानं तिथल्या तिथं नकाशावर तांबड्या शाईची रेघ ओढून टाकली. त्याच दुपारी सूर्यभानानं विहिरीभोवती बाभळीच्या काट्या लावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर ऐकलेली ती अर्धी बातमी इथूनच निघालेली. आणि रंगुबाई रिकामी घागर घेऊन शाळेत आली होती ती पाण्याला नव्हे, साहेबांना जाब विचारायला.

“आता माज्या बाजूनं मोजा. ताक न्हाई माज्याकडं. आसंल तर उनाचा चटका हाय.”

साहेब नाइलाजानं उठले. रंगुबाईच्या दगडापासून मोजलं, तर खुंटी पडली सूर्यभानाच्या रानात खूप आत. विहीर रंगुबाईची! वर सूर्यभानाची बरीचशी जमीनही तिची. म्हणजे दोन्ही शेतं वाढली होती. त्या उन्हाळ्यात अख्ख्या तिसगावात दुसरं काही वाढल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

साहेबांनी चष्मा पुसला. आधी ते म्हणाले, इंग्रजांच्या मोजणीत चूक असेल. मग म्हणाले, उन्हानं जमीन प्रसरण पावते. सूर्यभान ओरडला, “पयली मोजनीच खरी! ती नकाशाव चडली!” रंगुबाईनं रिकामी घागर साहेबांच्या पुढ्यात आपटली. “मंग माजे बैल काय नकाशावरलं पानी पित्यात व्हय?”

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. पण साखळीला तोंड असतं, आवाज नसतो.

तेवढ्यात धापा टाकत मालनबाई आली.

“साहेब, मोजून झालं आसंल तर माजी कडी तेवढी काडून द्या.”

“कसली कडी?”

“पाळन्याची! माज्या विजयमालाला पोरगी झाली. उद्याव बारसं आलंय. पाळना काय म्हशीच्या दाव्याव टांगू?”

“बाई, ही सरकारी साखळी आहे!”

“साखळी आसंल सरकारी. मधली कडी माज्या सासूची हाय.”

मग कुठं साहेबांनी मला हातात घेऊन नीट पाहिलं. कड्यांत म्हशीचे केस अडकलेले, मधोमध पाळण्याची कडी. श्रीमंत हळूच म्हणाला, “साहेब, साखळी रोज तपासावी असं तुम्हीच शिकवलंत. तोंडी परीक्षेत मला पैकीच्या पैकी मिळाले त्याला.” साहेबांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की जणू ते गुण त्यांना परत पाहिजे होते.

माझ्यातली पाळण्याची कडी काढली, दुसरी घातली, उघडलेल्या कड्या दगडावर ठोकून मिटवल्या. मला शाळेतल्या त्या खुंट्यांना लावलं. मग रान पुन्हा मोजलं, दोन्ही बाजूंनी. या वेळी दोन्हीकडच्या खुंट्या एकाच जागी पडल्या: विहिरीच्या कडेला, मोट लावतात त्या बाजूला. विहीर पुरती रंगुबाईची. पण मोटेचे बैल ज्या उतारावरून चालतात, ती धाव मात्र पुरती सूर्यभानाची निघाली.

नकाशावरची तांबडी रेघ खोडरबरानं निघेना. श्रीमंतनं ब्लेडनं खरवडली, तर बरोबर विहिरीच्या जागी कागदाला भोक पडलं. आता नकाशावरही तिथं खड्डा आहे. गावाचा आरसा इतका अचूक पूर्वी कधीच नव्हता.

सूर्यभानानं काट्या काढल्या, पण जाताना बजावलं, “धाव माजी. तिच्याव तुमचा बैल पाय ठिवायचा न्हाई.”

“बरं भावजी. दिवसभर हिंडा तिच्याव. पानी माजं हाय.”

मग दोघंही अडले. रंगुबाईनं घागरीनं शेंदलं, त्यात बैलांची जीभ ओली होईना. सूर्यभानाच्या गाईनं तर दावणीला अंग टाकलं. शेवटी तोच विहिरीवर आला. हे मला कुणी मुद्दाम सांगितलं नाही. मालनबाई पाळण्याला झोका देता देता शेजारणीला सांगत होती, आणि भिंत पातळ आहे.

“वहिनी, आना तुमचे बैल धावंव.”

“आन् पानी?”

“पयलं तुमच्या बैलांला. मागनं माज्या गाईला.”

“आन् ताक?”

“त्ये बी आनतो की.”

आता मीटरची साखळी आली आहे. नवी, चकचकीत, गर्वानं ताठ. मी शाळेच्या खिळ्यावर लटकते. वर्ग संपला, सगळ्यांना दाखले मिळाले, आणि अंगणातल्या खुंट्यांना कुणीतरी शेळ्या बांधतं. बाबांनो, त्या नव्या पोरीला तेवढं सांभाळा. तिच्यानं कुणाचं रान मोजायला निघालात, तर आधी एकदा तिलाच मोजा. आणि म्हशीला दावं घेऊन द्या.

राहिली ती अर्धी बातमी. ती आता मी पुरी करू शकते. रंगुबाईची विहीर सूर्यभानाकडं गेली नाही. बैल मात्र रोज सकाळी खरंच त्याच्याकडं जातात, आणि पोटभर पाणी पिऊन घरी येतात.