पाठमोरा नकाशा

मित्रांनो, नाशिक जिल्हा केवढा असतो, माहीत आहे? माझ्याएवढा! वर एक लाकडी दांडी, खाली एक लाकडी दांडी, आणि मधे सगळा जिल्हा, डोंगर-नद्यांसकट. मी भिंतीवरचा नकाशा आहे. वय विचारू नका. एवढंच सांगतो, की माझ्यावर काही धरणं छापलेलीच नाहीत, कारण मी छापखान्यातून निघालो तेव्हा ती बांधलेली नव्हती.

माझा जन्म थाटात झाला. पश्चिमेला सह्याद्रीचा तपकिरी रंग, निफाडच्या अंगाला हिरवा, पूर्वेकडे पिवळट, आणि त्यातून वाहणाऱ्या निळ्या रेघा. रंग वाळल्यावर एका कारागिराने मैद्याची खळ शिजवली, मांजरपाटाचं पांढरंशुभ्र जाडं कापड पसरलं आणि मला त्यावर चिकटवलं. वरून वॉर्निशचा हात फिरवला आणि म्हणाला, "हा पोरांना पुरून उरेल." बिचाऱ्याला वाटलं, नकाशाला भीती असते ती पोरांच्या हातांचीच.

नाशिक रोडच्या एका शिक्षणसंस्थेने मला घेतलं आणि अकरावीच्या वर्गात टांगलं. त्या संस्थेची एक पद्धत होती. कला असो की विज्ञान, अकरावीला भूगोल घ्यावाच लागायचा. डॉक्टर व्हायला निघालेलं पोरही माझ्यासमोर बसायचं आणि वकील व्हायला निघालेलंही. खोटं कशाला बोलू, मला त्याचा फार तोरा होता.

पुढे ज्योत्स्ना मॅडम भूगोल शिकवायला आल्या आणि माझं भाग्य उजळलं. पहिल्या तासाला त्या पुस्तक उघडायच्याच नाहीत. एकेका मुलाने पुढे यायचं, आपल्या गावावर बोट ठेवायचं आणि तिथे पडलेला पाऊस कुठे जातो ते बोट न उचलता दाखवायचं. कुणाचं बोट गोदावरीत जाऊन मिळायचं, कुणाचं गिरणेतून तापीकडे, तर घाटावरच्या एखाद्याचं थेट पश्चिमेला, कोकणाकडे. सुरुवातीला सगळेच चुकायचे. एका पठ्ठ्याने तर नदी डोंगरावर चढवली होती! वर्ग हसला, मॅडमही हसल्या, पण त्याला म्हणाल्या, "परत ये, परत ठेव बोट." इतकी बोटं फिरली, की जागोजागी माझा रंग उडाला. नाशिक शहर तर माझ्यावर उरलंच नाही, तिथे नुसता पांढरा डाग आहे. नवी धरणं मॅडमनी निळ्या पेनाने स्वतः काढली. एकलहऱ्याचं वीजकेंद्र जरा तिरकं आलं, पण चालायचंच.

गेल्या वर्षी ललिता नावाची मुलगी आली. इगतपुरीच्या डोंगरातली, घरी भातशेती. तिने आपल्या गावावर बोट ठेवलं, पण ते पुढे सरकवेना. मॅडम म्हणाल्या, "काय झालं गं?"

"मॅडम, आमच्याकडं लय पाऊस पडतो. चार महिने कपडे वाळत नाय. मग उन्हाळ्यात माझी आय टँकरमागं का पळती?"

मॅडमनी तिचंच बोट धरलं आणि हळूहळू खाली आणलं. उतार कसा आहे, खालचा काळा खडक पाणी का धरत नाही, पाणी दारणेत कसं उतरतं, धरणात कसं अडतं, कालव्याला कसं लागतं, सगळं त्या बोटाने पाहिलं. बोट येऊन थांबलं निफाड तालुक्यात. तिथे रविराज नावाच्या मुलाने आपलं बोट आधीच ठेवलं होतं. त्याच्या घरची द्राक्षबाग.

"म्हणजे आमची बाग तुमच्या पाण्यावर?" रविराज म्हणाला.

"मग काय!" ललिता म्हणाली. "आणि आमची आय रांगेत."

कुणी भांडलं नाही. पण रविराज त्यानंतर तिला मधल्या सुट्टीत खोदून खोदून तिच्या गावाबद्दल विचारायचा. ललिताने ठरवलं, की आपण पाण्याचंच शिकायचं. मित्रांनो, त्या दिवशी मला वाटलं, की माझ्या अंगावरची शाई सार्थकी लागली.

पण वारं फिरलं होतं. पालक यायचे आणि विचारायचे, "विज्ञानाच्या पोराला भूगोल कशाला? उगाच डोक्याला ताप!" शेजारच्या कॉलेजात भूगोल नाही, म्हणून मुलं तिकडे जाऊ लागली. शेवटी संस्थेने बैठक बोलावली. विषय एकच: भूगोलाची सक्ती काढायची आणि त्या तासांना कॉम्प्युटर ठेवायचा. मॅडमनी आठवडाभर तयारी केली. माझ्यावरची धूळ पुसताना त्या म्हणाल्या, "चल बाबा, आता तुझ्यावरच सगळं आहे." मीही छाती फुगवली. फुगवणार काय म्हणा, कापडच ते!

बैठकीच्या दिवशी शिपाई गोरक्षने मला गुंडाळून सभागृहात नेलं. तिथला प्रोजेक्टरचा पडदा फाटलेला. गोरक्षने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मला पाठमोरं टांगलं. मॅडम धावत आल्या.

"अरे गोरक्ष, हे काय केलंस?"

"मॅडम, ह्याची पाठ कोरी हाय. चित्र लय झ्याक दिसतं बघा."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. बैठकीला पडदा हवा होता, त्याने पडदा दिला. तेवढ्यात अध्यक्ष येऊन बसले आणि बैठक सुरू झाली. माझी पाठ लखलखीत उजळली. कॉम्प्युटर कसा हवा, नोकऱ्या कशा मिळतील, भूगोल कसा जुना झाला, हे सगळं माझ्याच पाठीवर दाखवलं गेलं. मला दिसत होती फक्त भिंत. लोक टाळ्या वाजवत होते, ते मात्र नीट ऐकू येत होतं.

मग मॅडमची पाळी आली. त्यांनी स्वतः येऊन मला सरळ केलं. सभागृह दिसलं आणि मला धीर आला.

"कॉम्प्युटर शिकवा, माझी काही हरकत नाही," त्या म्हणाल्या. "पण भूगोल काढू नका. दहावीपर्यंत मुलं नद्यांची नावं पाठ करतात. त्या नद्यांमुळे कोण पोसलं जातं आणि कोण तहानलेलं राहतं, हे कळायचं वय सोळा-सतराचं आहे. पूल बांधणाऱ्याला पाणी कुठून येतं ते कळायला नको? डॉक्टरला गावात ताप कुठून पसरतो ते कळायला नको? आणि जे काहीच होणार नाहीत, ते मतदान तर करणार ना? ज्याला आवड आहे त्याने घ्यावा असं म्हणाल, तर ललिता घेईल, रविराज घेणार नाही. आणि खरं तर कळायला हवं ते रविराजला!"

ललिताची हकीकतही त्यांनी सांगितली. दोन-तीन पालकांनी माना हलवल्या.

अध्यक्ष सावळीराम अण्णा तसे भले माणूस. निफाडला त्यांची स्वतःची द्राक्षबाग. ते म्हणाले, "मॅडम, मी काय भूगोल शिकून द्राक्षं लावली? कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं की मोबाईलवर मेसेज येतो. बास झालं."

"अण्णा, आवर्तन सुटतं कुठून, ते—"

"ते बघायला पाटबंधारेवाले आहेत ना! बरं, मला एकच सांगा. प्रवेश परीक्षेत तुमच्या विषयाला मार्क किती?"

मी मनात म्हटलं, बाई, काहीतरी सांगा, थोडं तरी वाढवून सांगा! पण त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"शून्य," त्या म्हणाल्या.

झालं. हात वर झाले. मघाशी माना हलवणाऱ्यांचेही झाले. यंदाची मुलं अकरावीचा भूगोल पुरा करतील, नव्या मुलांना तो नसेल, असं ठरलं.

लगेच पुढचा विषय निघाला, नव्या कॉम्प्युटर खोलीचा. प्रोजेक्टर लागला आणि चित्र माझ्या डोंगर-नद्यांवर पडलं. "काही दिसेना," अण्णा म्हणाले. "तो नकाशा मधे येतोय." गोरक्ष चहा आणायला गेला होता. मॅडम माझ्याशेजारीच उभ्या होत्या. त्यांनी मला दांडीला धरून हळूच फिरवलं. पाठीवर एक सुरकुती राहिली होती, ती तळहाताने साफ केली.

"आता दिसतंय का?" त्यांनी विचारलं.

"हां, आता दिसतंय. थँक्यू मॅडम," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मॅडम मला गुंडाळत होत्या, तेव्हा ललिता त्यांना भेटायला आली. "मॅडम, जाऊ द्या ना," असं काहीतरी म्हणाली आणि स्वतःच रडू लागली. मॅडमनी तिला जवळ घेतलं.

तेव्हापासून मी कॉम्प्युटर खोलीत आहे, पडदा म्हणून, तोंड भिंतीकडे करून. मित्रांनो, जुन्या वस्तू नेहमी तक्रार करतात, की आमच्याकडे कुणी लक्ष देत नाही, आम्हाला कुणी जपत नाही. मला तसं म्हणता यायचं नाही. माझी पाठ पांढरी राहावी म्हणून गोरक्ष मला रोज पुसतो. पावसाळ्यात भिंतीला ओल आली, ती माझ्या तोंडाला लागली. पेठ-सुरगाण्याकडचा भाग पोपडे धरून सुटू लागलाय. पाठीला मात्र डाग नाही. नवी मुलं रोज तासभर माझ्याकडे बघतात. त्यांतली कितीतरी डोंगरातून आलेली आहेत, बोलण्यावरून कळतं. पडद्यामागे आपलं गाव आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

मला जपू नका, पुसू नका. एकदा उलटवा आणि वाचा, बाकी काही नको. हे मी रोज म्हणतो, आणि समोर भिंत आहे.